ऑक्सफर्डात एक मुक्काम

भुजंगराव गेले दोन महिने ऑक्सफर्डशी भांडत आहेत. ते गाव त्यांनी पाहिलेलं नाही, तरी रोज सकाळी माझ्या ओट्यावर येऊन त्याचा पाणउतारा करतात. मी शेजारी, त्यातून इंग्रजीचा मास्तर. म्हणजे त्यांच्या लेखी तिकडच्या सगळ्या कारभाराला मीच जबाबदार!

त्यांची एकुलती एक लेक परी नवऱ्याबरोबर तिकडे नोकरीला आहे. पंचमीच्या तोंडावर भुजंगराव आणि काकू तिच्याकडे चाललेत. पण मी मोबाइलवर काहीही दाखवलं की त्यांचा पारा चढतो.

"कॉलेज बघायला तिकीट? वसमतच्या कॉलेजात बैल बी फुकट हिंडून येतो! हे काही बराबर न्हाई."

तिथल्या हिरवळीवर पाय ठेवायला मनाई आहे म्हटल्यावर तर ते उठूनच उभे राहिले. "गवत वाढवायचं, कापायचं, आन् जनावराला टाकायचं न्हाई? मंग काहून वाढवून राहिले?"

परवा जवळा बाजारला दोरखंड घेताना दुकानदाराशी असे भांडले की माणसं जमली. "वजन पेललं पायजे!" हाच घोशा. बॅगा बांधायला एवढा जाड दोर कशाला, असं मी विचारलं, तर माझ्यावरच डाफरले.

तरी मी चिकाटीनं आठ दिवसांचा बेत आखला. जुनं ग्रंथालय, संग्रहालय, नदीतली नाव. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढं कशाला? एक मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी निघायचं."

आता माझंच डोकं फिरलं. "काका, तुम्ही काय परभणीला चाललात का? व्हिसासाठी मी किती डोकेफोड केली! एका रात्रीसाठी?"

"गुरुजी, मुराळी एकच मुक्काम करत असतो."

आता कुठे मला उलगडा झाला. पंचमीला सासरहून लेकीला आणायला माहेरचा जो माणूस जातो, तो मुराळी. परीला भाऊ नाही, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला हेच गेले होते, पुण्याला. पुढं ती परदेशी गेली आणि पंचमीला येणं राहिलंच.

काकू त्यांच्या दारातून म्हणाल्या, "तिला सुट्टी न्हाई म्हणून सांगितलंय की तिनं. कितींदा सांगू यांना?"

"फोनवर सांगितलंय!" भुजंगराव कडाडले. "फोनवर कुणी बी न्हाई म्हणतं. बाप दारात उभा राहिल्यावर म्हणून दाखव म्हणावं!" मग आवाज एकदम उतरला. "म्हणंल का हो, गुरुजी?"

मला फार वाईट वाटलं. नजर चुकवायला मी त्यांच्या अंगणातल्या कडुलिंबाकडे पाहिलं, तर तो जाड दोर फांदीला बांधलेला. खाली पाट लावून झोका तयार होता.

"हैदराबादच्या विमानतळावर आमाला आणायला तुमीच या," जाता जाता ते म्हणाले. "आन् मोठी गाडी आणा. तिला मागं अवघडून बसायची तकलीफ होती."

संध्याकाळी मी मोठी गाडी सांगून ठेवली.