पन्नास किलोचा अंगद

"आजपासून पोती यंत्र मोजणार आणि मी खुर्चीत बसून चहा पिणार!" असं मी भर गोदामात जाहीर करून टाकलं. लातूरचं आमचं डाळीचं गोदाम भूकंपानंतरचं, त्यामुळे स्लॅबच्या भानगडीत न पडता पत्र्याचं. मी, राघवेंद्र, तिथला मॅनेजर. मालक सिद्रामप्पा शेठ. त्यांच्या मागे जळवेसारखा चिकटून मी गेटावर लांब पल्ल्याचा रीडर बसवून घेतला. पन्नास किलोच्या प्रत्येक पोत्यात एक चिप. पोतं गेटाजवळ आलं की खांबावरची डबी त्याला दुरूनच ओळखणार आणि माल ज्याचा, त्याला मेसेज जाणार!

"पॉवर किती ठेवलीस?" शेठजींनी विचारलं.

"फुल!"

"कशाला? गेट तर एवढंसं हाय."

"शेठजी, ताकद आहे तर वापरायची की!"

आता झालं असं, की लातुरात हल्ली दोन गोदामांच्या मधे एक कोचिंग क्लास उगवतोच. तसा आमच्या भिंतीलाही एक लागून होता. त्यांनीही पोरांच्या गळ्यातल्या ओळखपत्रांत असल्याच चिपा घालून घेतल्या होत्या. पोरगं वर्गात शिरलं की बापाला मेसेज. दोन्हीकडचं काम एकाच माणसानं केलेलं आणि सगळा कारभार एकाच कॉम्प्युटरवर. ही आयडियासुद्धा माझीच!

पहिल्या दिवशी हैदराबादचा ट्रक भरला. यंत्रानं टिंग टिंग करत पोती मोजली, ट्रक गेला, मी चहा मागवला. पहिला घोट घेतला आणि थोड्या वेळात फोन वाजला.

"गोदाम का? मी भुजंगराव बोलतोय, निलंग्याहून. आमच्या अंगदला हैदराबादला कशापायी धाडायलात तुम्ही?"

"कोण अंगद?"

"माझं पोरगं! तुमच्या शेजारी डॉक्टरकीच्या क्लासला हाय. आत्ताच मेसेज आला. वाचू का? 'आपला माल ट्रकमध्ये भरला आहे. रवाना हैदराबाद. वजन पन्नास किलो. कीड नाही.'"

चहा माझ्या नाकातून बाहेर आला!

"अन् पन्नासच किलो कसं? घरून निघाला तवा साठ भरत होता! मेसवाले खायला घालतेत का न्हाई?"

"काका, यंत्राचा घोटाळा आहे. अंगद वर्गातच असणार. थांबा, विचारून सांगतो."

मी क्लासच्या विशाखा मॅडमना फोन लावला. "अंगद? तो आज वर्गात आलेलाच नाही," त्या म्हणाल्या. आणि मी एवढा शहाणा, की ते जसंच्या तसं भुजंगरावांना सांगितलं! पलीकडून फक्त "आं?" आलं आणि फोन बंद.

तासाभरानं पुढचा फोन, ट्रक ड्रायव्हरचा. आमचा ट्रक निलंग्यावरूनच जातो, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"साहेब, चौकात गाडी अडवली! माणसं वर चढलीत. पोत्यांना कान लावून 'अंगद, अंगद' करायलेत!"

"अरे, सांग की डाळ आहे!"

"सांगितलं. म्हणतेत, फोडून दाखव!"

शेठजी माझ्या मागेच उभे होते. "राघवेंद्र, आज डाळ पोचली न्हाई तर हैदराबादचा व्यापारी गेला. अन् त्याच्या मागोमाग तू."

मी घाम पुसत स्क्रीनकडे पाहिलं. टिंग! 'अंगद भुजंगराव, गेट क्रमांक एक.' परत टिंग! म्हणजे पोरगं आत्ता, या क्षणी, गेटापाशीच होतं! आमच्या हमालाला, हणमंतला, घेऊन मी पळत सुटलो.

भिंतीपलीकडे कडुलिंबाखाली पंचफुलाबाईंचा भज्यांचा गाडा. त्याभोवती क्लासच्या पोरांचा घोळका, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं! माझी फुल पॉवरची डबी भिंतीपार बघत होती.

"तुमच्यात अंगद कोण?"

सगळे खातच राहिले. एकाचं भजं मात्र तोंडापर्यंत जाऊन थांबलं. हणमंतनं त्याचा दंड धरला, मी व्हिडिओ कॉल लावला. मोबाईलमध्ये भुजंगराव ट्रकवर बसलेले, कवेत पोतं!

"जिता हाय! माझं पोरगं जितं हाय!" ते ओरडले. खाली माणसांनी टाळ्या वाजवल्या. भुजंगरावांनी डोळे पुसले. पुसल्यावर त्यांना नीट दिसलं.

"आरं, वर्ग चालू असताना तू बाहेर काय करायलास?"

"आबा, ते... प्रॅक्टिकल होतं."

"कशाचं? मिरचीचं? थांब तिथंच! आलोच मी!"

ट्रक सुटला, डाळ पोचली, माझी नोकरी वाचली. मी पॉवर कमी करायला शिडी लावली, तर क्लासवाले पेढे घेऊन हजर! "साहेब, हात लावू नका. पोरगं गाड्यावर दिसलं की बापाला मेसेज! एका दिवसात अख्खी तुकडी वर्गात बसली!" शेठजींनाही यंत्राचं कौतुक वाटलं. इतकं, की त्यांनी आम्हा नोकरांच्याही गळ्यात चिपांची कार्डं अडकवली. कोणी गेटाबाहेर पडला की शेठजींना मेसेज!

चिडल्या त्या फक्त पंचफुलाबाई. तरातरा आत आल्या. "तुझ्या त्या डबीला कुठवर दिसतं रे?"

"समोरच्या विजेच्या खांबापर्यंत!" मी छाती फुगवून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गाडा खांबाच्या पलीकडे. पोरंही पलीकडे!

हे क्लासवाल्यांना कळवायला हवं, मान्य आहे. कळवणारच होतो. पण खरं सांगू का, बाईंची भजी दुपारी चारला जी गरम मिळतात, ती नंतर मिळत नाहीत. मी रोज जातो. कार्ड तेवढं टेबलाच्या खणात ठेवून.