नऊला वळण

नगरपालिकेच्या मालमत्ता विभागाने स्वतःचेच ऑफिस भाड्याने देऊन टाकले आहे, हे विभागाला सोमवारी सकाळी सव्वादहाला कळले, आणि तेही दारातून फळा आत आला म्हणून.

फळ्यामागून बाई आल्या. निवृत्त शिक्षिका, साठी उलटलेल्यांना लिहायला-वाचायला शिकवणारी संस्था त्या चालवत. त्यांच्यामागे काखेत पाट्या धरलेले अठरा आजी-आजोबा. बाईंनी करारनामा साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"खोली क्रमांक एक. आजपासून आमची. तुमचं सामान कधी हलवताय?"

"एक नाही हो, नऊ! मागची, बंद असते ती!" साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

पण करारावर स्वच्छ '१' होता. ठरावावरही '१'. साहेबांनी कारकुनाकडे पाहिले. त्यांना सगळे 'बिनचूकराव' म्हणत, कारण ते स्वतःच तसे सांगत. मूळ मसुदा त्यांनी हाताने लिहिला होता आणि त्यांच्या नऊचे वळण कायम अर्धेच राहायचे. टायपिस्टने दिसले ते टाइप केले, सभेने न वाचता मंजूर केले.

"शुद्धिपत्रक काढा! आत्ताच्या आत्ता!"

बिनचूकराव घामाघूम झाले. "साहेब, दुरुस्ती म्हणजे विषय पुन्हा सभेपुढे. तिथं तो जिमवाला टपलाय, बाजारभावानं भाडं द्यायला. चार सभा भांडून संस्थेला नाममात्र भाड्यानं जागा मिळालीय. विषय उघडला की बाईंचा वर्ग परत जिन्यात."

दोन वर्षे तो वर्ग जिन्यातच भरत होता. येणारे-जाणारे खडूच्या 'अ'वर पाय देऊन जात. त्यातल्या एका आजोबांना मरायच्या आधी एकदा तरी अंगठ्याऐवजी सही करायची होती. शाईचा डबा अजून त्यांच्या खिशात असे.

"मग आपण नऊमध्ये जाऊ," साहेब म्हणाले.

"ती छतापर्यंत फायलींनी भरलीय. रिकामी करायची आपल्याकडूनच राहिली."

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "बाई, तोवर आम्ही इथंच एका कोपऱ्यात बसलो तर?"

बाईंनी चष्मा लावला आणि कराराचे सातवे कलम वाचले. "'या जागेत फक्त समाजोपयोगी काम चालावे.' तुमचा विभाग नक्की काय करतो?"

साहेब ते कलम पुन्हा वाचू लागले. बिनचूकराव पंख्याकडे बघू लागले.

"असू दे," बाई म्हणाल्या. "विद्यार्थी म्हणून बसा. सतरंजीवर मात्र."

अकरा वर्षांत रिकामी न झालेली खोली त्यानंतर तीन दिवसांत रिकामी झाली, कारण साहेबांच्या गुडघ्यांना मांडी सोसेना. बिनचूकराव मात्र गुपचूप पाटीवर नऊ गिरवत होते. शेजारून आजोबा ओरडायचे, "वळण द्या, वळण! नऊ आहे तो!"

"बाई, शाळेतही तुम्ही मला हेच म्हणायचात," बिनचूकराव खालच्या आवाजात म्हणाले.

"आठवतंय की. करारावरचा एक बघितला तेव्हाच म्हटलं, मसुदा तू लिहिलेला, म्हणजे हा तुझा नऊ. दुसरीत काही तुला वळण लागलं नाही."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"नऊला खिडकी नाही रे. माझ्या लोकांना अंधारात दिसत नाही." बाईंनी त्यांची पाटी पुसली. "आणि लिहिलंय तेच वाचावं, असं मीच शिकवते ना?"

गुरुवारी विभाग हलला. दारावर बोर्ड रंगवायला पेंटर आला, तेव्हा बिनचूकरावांनी उत्साहाने पेन काढले. साहेबांनी ते काढून घेतले. "आकडा मी लिहून देतो. तुमच्यावर भरवसा नाही."

शुक्रवारी सकाळी नव्या दारावर झळकत होते, 'मालमत्ता विभाग, खोली क्र. १'.

"अहो, हे काय रंगवलंत?" साहेब कडाडले.

पेंटरने खिशातून चिठ्ठी काढली. "तुम्ही दिलंत तेच."

साहेबांनी चिठ्ठी सुलटी पाहिली, उलटी पाहिली आणि घडी घालून खिशात ठेवली. मग ते मुकाट्याने वर्गाच्या खोलीच्या दाराशी गेले. "बाई, आत येऊ का?"

आजोबा तेव्हा हजेरीपटावर सही करत होते, जीभ दातांत धरून, पूर्ण नावाची. त्यांनी सरकून साहेबांना जागा दिली आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवले.

"इथं सही करा. जमेल ना?" मग त्यांनी खिशातून शाईचा डबा काढून साहेबांपुढे सरकवला. "नाहीतर पहिल्या दिवशी अंगठा चालतो."