सतरा ताटं आणि एक गुडघा

दिवस पहिला

जिभेवर ताबा कसा ठेवावा हे कोणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं. मी पुसदला राहतो. मोजणी खात्यात आहे. म्हणजे साखळी घेऊन उन्हातान्हात दुसऱ्यांची शेतं मोजत फिरतो. एकसष्टच्या उन्हाळ्यात माझा उजवा गुडघा फुगला. थोडाथोडका नाही. धोतरावरून पाहणाऱ्याला वाटे, हा बाजारातून टरबूज लपवून नेतो आहे.

डॉक्टरांनी गुडघा दाबला. मी ओरडलो. त्यांनी मान हलवली आणि कपाटातून एक सुई काढून मला दाखवली.

"सांध्यात पाणी धरलंय. हिनं काढावं लागेल."

ती सुई पाहून मला आमची मोजणीची साखळी आखूड वाटू लागली.

"दुसरा काही उपाय?"

"आहे. तोंड आवरा."

त्यांनी कागदाच्या एका बाजूला लिहिलं, खावे: ज्वारीची भाकर, मूग, दुधी, दोडका, पालेभाजी, साय काढलेले गाईचे दूध रोज अर्धा शेर, पाणी भरपूर. दुसऱ्या बाजूला लिहिलं, वर्ज्य: तूर, हरभरा, वांगी, मटण, तळलेले, गूळ, साखर, तूप. चाळीस दिवस. चाळीस दिवसांनी सूज असली तर सुई, नसली तर नाही.

मी म्हणालो, "सुईला गंज चढेल, डॉक्टरसाहेब."

दिवस दुसरा ते छत्तिसावा

भाकर मूग दुधी, भाकर मूग दोडका, भाकर मूग दुधी, शेजारी तुरीच्या वरणाला लसणाची फोडणी पडली म्हणून भर उन्हाळ्यात खिडकी लावून भाकर मूग दोडका, साहेबांच्या मुलाच्या बारशात पंगतीला पाठ करून भाकर मूग दुधी, आणि सहा शेर वजन कमी, आणि सूज गायब, आणि गुडघा असा निघाला की शकू म्हणाली, लग्नात होता त्याहून बरा दिसतो.

(शकू म्हणजे माझी बायको. ती म्हणते, मी असं म्हटलंच नाही. लग्नात गुडघा कोण पाहतं.)

दिवस सदतिसावा, सकाळ

सासऱ्यांचं पत्र आलं होतं. अधिक ज्येष्ठ सुरू होता, धोंड्याचा महिना. या महिन्यात लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून घरी बोलवायचं आणि पुरण भरलेले धोंडे वाढायचे. जावई जेवला की देव जेवला. आमच्या लग्नानंतर हा महिना पहिल्यांदाच आला होता, आणि आज त्याचा शेवटचा दिवस होता.

माझी योजना साधी होती. जायचं, खरं काय ते सांगायचं, भाकर मागून घ्यायची आणि परत यायचं. खरं बोलणाऱ्या माणसाला भीती कसली?

सासुरवाडी दारव्ह्याजवळ, सडकेपासून तीन मैल आत. सदाशिवरावांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी (मी त्यांना मामाजी म्हणतो), सडकेवर बैलगाडी पाठवली होती. मी शकूला गाडीत बसवलं आणि स्वतः तीन मैल चालत गेलो, गाडीच्या पुढे. दारात पोचल्यावर सगळ्यांसमोर दोन बैठका मारल्या. मग पाटावर फट्‌दिशी मांडी घालून बसलो. गुडघा फुगल्यापासून मांडी घातली नव्हती. मामाजी पाहतच राहिले.

"घोड्यावाणी दिसून राह्यले तुम्ही, जवाईबापू," ते म्हणाले.

मी नम्रपणे मान हलवली. घोड्यासारखीच.

दिवस सदतिसावा, दुपारी बारा

ताट आलं. तुपात पोहणारे पाच धोंडे. तुरीचं वरण. भरली वांगी. भजी, वडे, आमरस, अनारसे. डॉक्टरांच्या कागदाची मागची बाजू उचलून कोणीतरी चुलीवर शिजवली होती.

मी हात जोडले. "मामीजी, मला यातलं काही चालत नाही. गुडघ्याचा आजार आहे."

मैनाबाई, माझ्या सासूबाई, वाढता वाढता थांबल्या. त्यांनी मामाजींकडे पाहिलं. मामाजी हळूच हसले आणि माझ्या कानाशी आले.

"समजलं मले. मी बी कोनाचा जवाईच हावो ना. माही दाढ दुखे. अंगठी भेटली आन् दाढ थांबली."

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्या घरात रुसलेला जावई 'मी रुसलो' असं कधीच म्हणत नाही. त्याचं काहीतरी दुखतं आणि तो जेवत नाही. माझे थोरले साडू डोळ्यात कचरा गेला म्हणून ताटावर तास-दीड तास बसले होते. सायकल घेऊन उठले. आणि मी तर खरंच दुखणाईत होतो. म्हणजे हुबेहूब रुसलेला.

यापुढचं जसं झालं तसंच देतो.

मामाजी: अंगठी?

मी: नको हो. खरंच गुडघा आहे.

मामाजी: सायकल?

मी: गुडघा म्हणतोय मी, आणि तुम्ही सायकल देता?

मामाजी: बरं. मनगटी घड्याळ.

शकू (माझ्या कानात): एक तरी खा ना. माय कशी पाहून राह्यली.

मी (तिच्या कानात): सुई.

मामाजी: घड्याळ, आन् पोरीले शिलाईची मशीन.

शकू (कानात): थांबा जरा. घाई कायले करता?

(शकू म्हणते, हे साफ खोटं आहे. मशीनचा विषय निघाला तेव्हा ती आत होती. आत म्हणजे दाराआड. दार म्हणजे माझ्या पाठीमागचं.)

शेवटी मी पुरावाच काढला. खिशातला डॉक्टरांचा कागद मामाजींच्या हातात दिला. "वाचा. डॉक्टरच्या हातचा आहे. यात सगळं लिहिलंय."

मामाजींनी चष्मा लावला. "भाकर... मूग... दुधी, दोडका..." त्यांचा चेहरा खुलला. "एवढंच ना? पायलीभर मूग बांधून देतो. दुधी तर वेलावर लोंबून राह्यले." मग ते अडखळले. "गाईचं दूध. रोज." त्यांनी तो शब्द पुन्हा वाचला. "रोज."

कागदाची मागची बाजू त्यांनी उलटलीच नाही. मागण्यांच्या यादीची मागची बाजू कोण पाहतं?

ते उठले. "मैना, तांबीले सोड."

तांबी ही त्यांची गाय. मामीजींनी तिला वासरू असल्यापासून हातानं पेंड चारली होती. तिला अंगणात माझ्यासमोर आणून उभं केलं. मामीजी रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गायीची समजूत घालत होत्या.

"तिकडे कोनाले मारू नको, बाई. पुसदचं पानी गोड हाय म्हनतात. शकू हाय ना तुह्यापाशी."

मी ओशाळून ताटाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. कारण आता जेवलो तर गाय घेतली असा अर्थ होत होता. आणि जेवलो नाही, तर मामाजी आता आपल्या ओढ्याकाठच्या वावराकडे पाहायला लागले होते.

"हे पाहा," असं म्हणून मी भर अंगणात धोतर गुडघ्यावर घेतलं. "पाहा म्हणजे खात्री पटेल."

सगळ्यांनी पाहिलं. सदतीस दिवसांच्या पथ्यानं तो असा झाला होता की गुडघ्यांचं प्रदर्शन असतं तर पहिला नंबर आणला असता.

"चांगला हाय की," मामीजी म्हणाल्या.

"लय चांगला हाय," मामाजी म्हणाले. "याच गुडघ्यानं सकाळी बैलाच्या पुढे पयत आले तुम्ही."

दिवस सदतिसावा, एक वाजता

ओढ्यापलीकडच्या तांड्याचे नायक शंकरसिंग हे मामाजींचे जुने स्नेही. तांड्याची पंचायत त्यांच्यापुढे बसायची आणि त्यांनी मिटवलेलं भांडण पुन्हा उभं राहत नसे. त्यांना बोलावणं गेलं. ते आले, बाजेवर बसले. ताट पाहिलं, गाय पाहिली, मला पाहिलं.

"जवाईबापू, भूक लागली का?"

"लागली."

"मंग काय खासान?"

"भाकर. मुगाचं वरण."

"धोंड्याच्या दिवशी जवायाले भाकर वाढू?" मामीजी म्हणाल्या. "देव उपाशी जाईन माह्या घरून. आन् गावात तोंड कसं दाखवू?"

शंकरसिंगांनी मिशीवरून हात फिरवला. "भौजी, आज हे तुमचे कोन?"

"नारायन."

"तुमच्या देवघरातला नारायन निवद खाते का?"

"खात नाई. आमी दाखवतो त्याले."

"मंग खाते कोन?"

"आमीच."

"झालं तर मंग. दाखवा यायले."

मामाजींनी शंकरसिंगांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती सुटली.

माझ्या ताटाभोवती पाणी फिरवलं. घंटा वाजली. मी ताटाकडे पाहिलं. धोंड्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग ते ताट प्रसाद म्हणून सगळ्यांनी खाल्लं. शंकरसिंगांनी दोन धोंडे घेतले. निकाल देणाऱ्याचा तेवढा हक्क असतोच. मामीजी स्वतः तांबीला गोठ्यात घेऊन गेल्या आणि बराच वेळ तिथेच राहिल्या. मला मागच्या खोलीत भाकर आणि मूग मिळाले. नारायणानं ते चोरून खाल्ले आणि पुन्हा पाटावर येऊन ढेकर दिला.

गोष्ट इथे संपायला हवी होती. मी उठणारही होतो.

तेवढ्यात शेजारचे बबनराव ताट घेऊन दारात उभे राहिले.

"सदाशिवराव, आमच्या जवायाले नागपूरहून सुट्टी नाई भेटली. आज महिना सरून राह्यला. तुमचा नारायन रिकामा हाय का?"

मामाजी अभिमानानं म्हणाले, "या ना."

जेवणारा जावई एका घराला पुरतो. न जेवणारा जावई अख्ख्या गावाला पुरतो, हे त्या दिवशी गावाला कळलं. कोणाचा जावई वणीला, कोणाचा रुसलेला, एकीला तर जावईच नव्हता. लेक अजून पाळण्यात होती, पण पुण्य आगाऊ करून ठेवलेलं बरं, असं ती म्हणाली. ताटं येत गेली, घंटा वाजत गेली. मी मांडी घालून बसलेला. जरा पाय लांब करावा म्हटलं, तर एक म्हातारी ओरडली, "देव हालला वो माय." मी पाय परत आत घेतला.

तळलेले धोंडे आले, उकडलेले आले. गुळाचे आले, साखरेचे आले. तांड्यावरून शंकरसिंगांच्या पत्नी लालीबाई लापशी घेऊन आल्या. शकू माझ्याजवळ लक्ष्मी होऊन बसली होती. ती मात्र प्रत्येक ताटातलं थोडं थोडं खात होती.

(शकू म्हणते, लक्ष्मीला पथ्य नव्हतं.)

सतरा ताटं. चार तास. आणि मी एक कणही तोंडात घातला नाही. अशी तपश्चर्या पुराणातसुद्धा विरळा असेल. मनात म्हटलं, डॉक्टर, आता ती सुई विकून टाका.

सतरावं ताट उचललं गेलं. मी उठायला गेलो.

गुडघा उठेना.

मी जोर केला. मामाजींनी एका बाजूनं धरलं, बबनरावांनी दुसऱ्या बाजूनं. गुडघ्यातून कडकन आवाज आला, पण मांडी काही सुटेना. धोतर बाजूला झालं आणि सगळ्यांना दिसलं. टरबूज परत आलं होतं, आणि या खेपेला मोठं.

मामाजी खाली बसले. त्यांनी एक बोट गुडघ्याला लावलं. मी किंकाळी फोडली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"खरंच दुखते, बाप्पा," ते म्हणाले. "मैना, याह्यचं खरंच दुखते."

इतक्या आनंदानं माझं दुखणं आजवर कोणी मान्य केलं नव्हतं.

मला मांडीसकट उचलून गाडीत ठेवलं. गाडी गावातून निघाली तेव्हा दारादारांतून बाया हात जोडत होत्या. मी हात वर केला. दुसरं काय करणार?

दिवस पुन्हा पहिला

"काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाकर आणि मूग."

"धोंड्याला जाऊन भाकर?"

शकूनं सगळी हकीकत सांगितली. सतरा ताटं, घंटा, म्हातारी. डॉक्टर ऐकत ऐकत सुई उकळत होते.

"चार तास मांडी घालून बसलात?"

"कागदावर मांडी वर्ज्य लिहिली नव्हती," मी म्हणालो.

"मांडी हा खाण्याचा पदार्थ नाही, म्हणून लिहिली नाही."

सुई जवळ आली. मी बाक घट्ट धरला, डोळे मिटले, कुलदैवत आठवलं.

"करा," मी म्हणालो.

"झालं," ते म्हणाले.

मी डोळे उघडले. मुंगी चावते तेवढंच दुखलं होतं. तीही लहान मुंगी.

डॉक्टर हात धूत होते. "पथ्य मात्र उत्तम पाळलंत हं. वजन उतरलंय, ते चढू देऊ नका, म्हणजे गुडघा परत फुगणार नाही. खरं तर एखादा धोंडा खाल्ला असता तरी चाललं असतं. रोजच्या ताटानं माणूस बिघडतो. सणाच्या एका ताटानं काही होत नाही."

मी शकूकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"हे तिकडे सांगू नका कोनाले," ती म्हणाली.

मी सांगितलं नाही. तुम्हीही दारव्ह्याकडे गेलात तर बोलू नका. तिथली सतरा घरं अजून मला देव समजतात, आणि देवाला एक धोंडा चालला असता हे कळलं, तर पुढच्या खेपेला सतराही घरं तो खायला लावतील.