पाइप, वायरिंग आणि सुखदेवभाऊ

जी गोष्ट गावातला पुरुष स्वतःच्या उशीलासुद्धा सांगणार नाही, ती सुखदेवभाऊ माझ्या मेडिकलच्या बाकावर बसून अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात.

शिरपूरच्या बसस्टँडसमोर माझं दुकान आहे. 'त्या' गोळीचं गिऱ्हाईक मी लांबूनच ओळखतो. ते आधी बाहेर उभं राहून उगाच बसचा बोर्ड वाचतं. दुकानातली शेवटची बाई गेली की आत येतं आणि मागतं काय, तर खोकल्याची गोळी! मग घसा खाकरून, "अन् ते... एका दोस्तासाठी..." एवढं म्हणतं न म्हणतं तोच बाकावरून तोफ सुटते, "दोस्ताची साखर तपासली का?"

झालं! खोकल्याची गोळी काउंटरवरच राहते आणि गिऱ्हाईक रस्त्यापलीकडे.

"भाऊ, तुमी माहं दुकान बंद पाडता का?" मी चिडतो.

"शेठ, डाक्टरच्या चिठ्ठीबिगर तुमी देत नाई, अन् चिठ्ठी आनायले तो जात नाई. मंग मी इचारलं तं काय बिघडलं?"

आता यावर काय बोलणार, कपाळ!

सुखदेवभाऊंची सगळी नोकरी एसटी चालवण्यात गेली. त्यामुळे माणसाचं शरीर त्यांना बसच्याच भाषेत कळतं. "गाडी चढाव घेत नसली तं हॉर्न बदलवून उपेग नाई. चार जागी पाहा. पाइप, वायरिंग, डिझेल, नाईतं डायवरचं डोस्कं." पाइप म्हणजे रक्तवाहिन्या. बीपी, चरबी, बिडी आणि तंबाखूचा खर्रा यांनी त्या आतून बुजतात. वायरिंग म्हणजे नसा, त्या साखरेनं बधिर होतात. डिझेल म्हणजे हार्मोन. आणि डोस्कं म्हणजे टेन्शन, दारू, उडालेली झोप. "येकादी बीपीची गोई बी आड येते बरं. पन मनानं बंद नोका करू, डाक्टरले इचारा. अन् खालचा पाइप बारीक रायते, आधी तोच बुजते. त्यानंतर छातीचा नंबर. म्हून लाजू नोका, तपासा!"

हे व्याख्यान त्यांनी एकदा लग्नाच्या पंगतीत दिलं. नवरीच्या मामानं तोंडाशी नेलेली जिलेबी परत पानात ठेवली. तेव्हापासून लोक भाऊंना पत्रिका देतात, पण जेवायला शेजारी कोणी बसत नाही.

हे ज्ञान त्यांना आलं कुठून? तर स्वतःवरून. तेही ते हसतहसत सांगतात. नोकरीत असतानाच त्यांची स्वतःची गाडी चढाव घेईना. डॉक्टरकडे जायची लाज, म्हणून पोहरादेवीच्या यात्रेत तंबू टाकून बसलेल्या एका बाबाकडून त्यांनी 'शक्तीचे लाडू' आणले. डिंक, तूप आणि गूळच गूळ. घरी कळू नये म्हणून लाडवांचा डबा डायव्हर सीटखाली. रोज गाडी सुरू करण्याआधी एक लाडू. काही फरक पडेना, म्हणून दोन. शेवटी पायाची जखम भरेना तेव्हा वाशीमच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून कपाळाला हात लावला.

"बाप्पा! शेठ, साखरेच्या दुखन्यावर मी गूळ खाऊन राह्यलो होतो!"

हे ऐकून मी पोट धरून हसलो. भाऊही हसले. पण त्यांचं हसू माझ्याआधी थांबलं.

कारण औषध सुरू झालं तोवर घर रिकामं झालं होतं. कमलवहिनी नातू सांभाळायला मुलाकडे वाशीमला गेल्या, त्या गेल्याच. नातू आता सायकलवर एकटा शाळेत जातो, तरी वहिनी येत नाहीत. भाऊ सकाळी स्वतःच्या हातानं दोन भाकरी थापतात आणि मी शटर उघडायच्या आधीच बाकावर हजर असतात. मी एकदा विचारलं, "भाऊ, वयनीले सांगतलं का हे?"

"शेठ, तुमची साखर तपासली का?" म्हणाले, आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला.

गेल्या आठवड्यात मात्र एक चाळिशीचा माणूस आला आणि तोफ सुटूनही पळाला नाही. उलट भाऊंच्या शेजारीच बसला. म्हणाला, "तपासली. साखरच हाय. औषध चालू केलं. पन बायको माहेरी जाऊन बसली, भाऊ. तिले वाटते, मले दुसरी पटली."

"मंग तिले खरं सांग ना!"

"कसं सांगू? तुमी सांगतलं होतं वयनीले?"

भाऊंनी पेपर उघडला आणि तसाच मिटला. तो माणूस गेला. मग भाऊंनी खिशातून फोन काढला. इंजिनाच्या घरघरीनं कान गेलेत, म्हणून ते फोन स्पीकरवरच लावतात. मी गोळ्यांची खोकी लावायचं सोंग केलं.

"कमल, मी बोलून राह्यलो."

"काय झालं? तब्येत बरी हाय ना?"

"बरी हाय. तवा बरी नोती. साखर होती मले. त्याच्यानं... म्हून मी आंगनात खाट टाकली होती. लाज वाटे मले. तुह्यात काईच खोट नोती, कमल."

पलीकडे दाराची कडी लावल्याचा आवाज आला.

"मले वाटलं, माह्या ऑपरेशननं," वहिनींचा आवाज अगदी बारीक झाला होता. "गर्भाची पिशवी काढली माही, अन् त्याच सालात तुमी बाहेर झोपाले लागले. मले वाटलं, आता ही बाई नाई राह्यली म्हून तुमाले मी नको झाली. मंग राहू कायले तिथं?"

"अवं नाई..." भाऊंनी फोन दोन्ही हातांनी धरला. मला माझ्याच दुकानात उभं राहवेना.

"येवढंच होतं तं सांगाचं होतं ना हो तवाच," वहिनी म्हणाल्या, आणि आता त्या सरळ रडत होत्या. "मी बी माही खाट बाहेर तुमच्याजवळ टाकली असती."