आधी चादर काढा

सोलापुरात राहून चादरीशी वैर धरलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि तो आमच्याच घराखाली दवाखाना चालवत होता.

डॉक्टर गुरुपाद मूळचे मैंदर्गीचे. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. तापाने फणफणलेला पेशंट टांग्यातून उतरवला की दुसरे डॉक्टर नाडी बघतात. हे आधी त्याच्या अंगावरची चादर ओढत. दुसऱ्या टोकाला नातेवाईक लोंबकळलेले असत. "तडी, तडी," डॉक्टर म्हणत. म्हणजे थांबा. पण स्वतः थांबत नसत. आई-बायकोने गळा काढलाच, तर ठरलेलं वाक्य होतं: "आधी चादर काढा, मग रडा."

काढलेली चादर ते परत हातात देत नसत. दिली की पायरी उतरायच्या आत ती पुन्हा पेशंटभोवती गुंडाळली जाई, हा अनुभव. म्हणून ती घडी करून भिंतीतल्या कपाटात. "बरा झाला की त्यानं स्वतः येऊन न्यायची." मे महिन्यात ते कपाट इतकं भरे की एका नवख्या पेशंटने डझनाचा भाव विचारला होता.

हा विक्षिप्तपणा नव्हता, संशोधन होतं. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. आमच्याकडे ताप आला की पांघरूण घालून घाम काढायचा, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. थंडी वाजून आलेल्या तापात ती खपून जाते. पण ऊन लागलेला माणूस आधीच आतून भाजत असतो, त्याला चादरीत गुंडाळणं म्हणजे भाकरी तव्यावर ठेवून वर झाकण घालणं. बाहेरून दोन्ही ताप सारखेच दिसतात. मग पेशंट दारात आल्या आल्या ते कसे ओळखायचे, आणि उन्हाचा असेल तर साध्या पाण्याने आणि वाऱ्याने तो उतरतो का, हे डॉक्टरांना सिद्ध करायचं होतं. त्यांची खूण साधी होती. आजाऱ्याच्या काखेत हात घालायचा. काख कोरडी ठणठणीत आणि बोलणं भ्रमिष्ट, तर ऊन.

त्याआधी निरोगी माणसाचं अंग सोलापूरच्या दुपारी किती तापतं, हे कळायला हवं होतं. निरोगी माणसं म्हणजे आम्ही. मी भाकरी थापत असले की डॉक्टर वर येत, "काय बाई, बघू की," म्हणत आणि थर्मामीटर तोंडात. मी शाळेत मास्तरीण. दिवसभर बोलण्याचा धंदा. मला गप्प करणारं यंत्र कुणी तरी शोधलं, याचा आनंद आमच्या ह्यांना लपवता येत नसे.

माझ्या धाकट्या नणंदेला बघायला वैरागहून मंडळी आली, ती ऐन दुपारी. मुलगा घामाघूम होऊन कोचावर टेकतो न टेकतो, तोच डॉक्टरांनी त्याच्या तोंडात थर्मामीटर घातला. पुढचे सगळे प्रश्न त्याच्या आईनेच विचारले आणि तो नुसती मान हलवत राहिला. नणंद आत येऊन म्हणाली, "मला पसंत आहे. ऐकून घेतो." वैरागच्या मंडळींनी ही सोलापूरकडची पद्धत असेल, असं धरलं. लग्न चांगलं झालं.

गंमत होती ती इथवरच. डॉक्टरांचा उपाय पाण्याचा, आणि आमचा नळ एक दिवसाआड. बहात्तरच्या दुष्काळानंतर सोलापूरकर बाई तूप सांडलं तर हळहळते, पाणी सांडलं तर भांडते. परक्या माणसाच्या अंगावर घागर ओतायला कोण देणार? डॉक्टर दारोदार गेले. कुणी हसलं, कुणी दार लोटलं. शेवटी मीच उठले. आळीतल्या बायकांना जमवलं आणि सांगितलं की प्रत्येक घरातली एक घागर मे महिनाभर डॉक्टरांची. झाडाला भांडी घासलेलं पाणी घाला आणि चांगलं राखून ठेवा. "आणि आमच्यातलं कुणी पडलं तर?" एकीने विचारलं. "तर तुझ्या दारात सगळ्यांच्या घागरींची वरात आणीन," मी म्हटलं. ठरलं.

त्याच मे महिन्यात अंबय्याला आणलं. पलीकडच्या गल्लीत पत्र्याच्या छपराखाली माग चालवणारा माणूस. दुपारी मागावरच कोसळला होता. बायको राजव्वाने आणि सासूने त्याला दोन चादरींत बांधून आणला होता. दोन्ही त्यानेच विणलेल्या.

डॉक्टरांनी काखेत हात घातला आणि चादर धरली. राजव्वाने दुसरं टोक धरलं.

"डाक्टर, वारा लागंल त्याला. मरंल की."

"वारा लागावा म्हणूनच काढतोय, यव्वा. सोड."

"सुई द्या तुम्ही. सुई दिली की आमी जातो."

"सुई न्हाई हितं. पाणी हाय. सोड."

ती सोडेना. अंबय्या तेलुगूत मागाशी बोलत होता, धागा तुटला म्हणून कुणाला तरी शिव्या घालत होता. मी राजव्वाची मनगटं धरली आणि बाजूला ओढली. ती मला चावली. डॉक्टरांनी दोन्ही चादरी काढल्या आणि ओरडले, "बाई, घागरी."

घागरी आल्या. वीज गेलेली, पंखा बंद. आळीतल्या बायकांनी सुपं आणली आणि धान्य पाखडावं तसा वारा घालू लागल्या. माझ्याकडे वह्यांचा पुठ्ठा होता, मी तो चालवला. "सोलापूरची कोरडी हवा हाय," डॉक्टर म्हणत होते, "हीच आपली बर्फाची फॅक्टरी. थांबू नका." ते त्याचे पाय चोळत होते. खांदे भरून आले. थर्मामीटर हलायला तयार नव्हता. सासू भिंतीला टेकून म्हणत होती की ह्या लोकांनी माझ्या जावयाला भिजवून मारला.

शेवटच्या घागरी आल्या तेव्हा पारा उतरू लागला. अंबय्याने डोळे उघडले, भोवती सुपं घेतलेल्या बायका पाहिल्या आणि राजव्वाला विचारलं, "कुणाचं लग्न हाय?"

आठवड्याने तो स्वतः येऊन चादरी घेऊन गेला. बरोबर आलेल्या राजव्वाने माझ्या हातावरचे दातांचे व्रण पाहिले आणि म्हणाली, "ताई, लई लागलं का?" मी म्हटलं, लागलं.

असे बरेच उन्हाळे गोळा झाल्यावर डॉक्टरांनी इंग्रजीत निबंध लिहिला आणि गावातल्या डॉक्टरांच्या सभेत वाचायचं ठरलं. "प्रयोगातली माणसं नकोत का? या की सगळे," म्हणाले. म्हणून शेवटच्या रांगेत अंबय्या, राजव्वा आणि मी. निबंध चांगला झाला. मग पुण्याहून आलेले एक मोठे डॉक्टर उठले. त्यांनी इंग्रजीत काही विचारलं. अंबय्याने मला कोपराने ढोसलं, "काय म्हणतो?"

"म्हणतात, पाणी-वारा दिलेले बरे झाले, हे कळलं. पण तसेच पांघरुणात ठेवलेल्यांचा दुसरा गट कुठे आहे? तुलना कशाशी करायची? तू कदाचित आपोआपच बरा झाला असतास."

"मग त्यांच्या घरी नेऊन ठेवायचं होतं की," राजव्वा मोठ्याने म्हणाली.

सभा हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "निम्म्यांना चादरीत ठेवणं मला जमणार नाही," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. लोक चहाला उठले.

ते न भांडता खाली बसले, याचा मला राग आला होता. रविवारी सकाळी जाब विचारायलाच खाली गेले. डॉक्टर मागच्या अंगणात घमेल्याशी बसले होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. आत दवाखान्यातल्या कपाटाचा वरचा खण उघडा होता. तो त्यांनी कुणाला कधी उघडू दिला नव्हता. घमेल्यात चादरी भिजत होत्या. जुन्या, रंग उडालेल्या.

"बरे झालेले न्यायला आले नाहीत का?" मी विचारलं.

"बरे झाले न्हाईत."

मी कट्ट्यावर बसले.

"दुसरा गट होता, बाई," ते म्हणाले. "निबंधात घातला न्हाई. दवाखाना नवा होता. उन्हाळ्यातला ताप म्हणजे हिवतापच, असं धरून चालायचो. सुई द्यायचो, आणि मीच सांगायचो, पांघरूण घाला, घाम काढा. माणसं हितंच गेली, चादरीत. घरचे चादरी न्यायला आले न्हाईत."

"मग देऊन टाकायच्या कुणाला तरी."

"त्यांच्या हायत की. आले कधी, तर धुतलेल्या असाव्यात. उन्हाळा लागायच्या आधी धुतो दरसाल."

घरात दुसरं माणूस नव्हतं. बायको फार पूर्वी गेलेली, हे मला ठाऊक होतं. दरसाल हे काम ते एकटेच करतात, ते माहीत नव्हतं.

"निबंधात घाला," मी म्हटलं.

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यांनी दुसरा गट मागितला, तो तुमच्याकडे आहे. तो वाचून एखाद्या गावात एखादा नवा डॉक्टर चादर काढेल."

त्यांनी वर आलेली चादर पुन्हा पाण्यात दाबली.

"आधी चादर काढा, डॉक्टर," मी म्हटलं. "मग रडा."

त्यांनी ओले हात धोतराला पुसले आणि विचारलं, "इंग्रजी तपासून द्याल?"

"देईन."

त्यांनी घमेल्यातून एक चादर उपसली. सोलापुरी चादर कोरडी असताना जड असते. भिजली की माणसाएवढी होते. ती एकट्याने पिळता येत नाही. मी पदर खोचला आणि दुसरं टोक धरलं.