आगळंवेगळं स्थळ

शैक्षणिक सहलींना शिस्त आली ती शिक्षण कचेरीने 'आगळंवेगळं स्थळ' हा शब्द अमलात आणला तेव्हापासून. तोवर शाळा मुलांना कुठेही नेत असत. संग्रहालय, धरण, प्राणिबाग, फार तर बिस्किटांचा कारखाना. मुलं जात, दमून येत, निबंध लिहीत आणि मुकाट्याने पुन्हा वर्गात बसत. यात आगळंवेगळं काहीच नाही, हे कचेरीच्या उशिरा का होईना लक्षात आलं. मग देशभर आदेश निघाला की, प्रत्येक वर्गाने दरमहा एका आगळ्यावेगळ्या स्थळाला भेट दिलीच पाहिजे. सोबत व्याख्याही होती, कारण व्याख्येवाचून कचेरीला घास गिळवत नाही. जिथे दुसरी कोणतीही शाळा गेलेली नाही, ते स्थळ आगळंवेगळं. एकदा कुणी जाऊन आलं की ते मळलं.

पाचवी 'ब'च्या गणिताच्या बाईंना हा आदेश मिळाला तेव्हा त्या भागाकारात होत्या. भागाकार हा या वर्गाच्या पाचवीलाच पुजलेला. गुणाकारापर्यंत पोरं ठीक चालली होती, पण बाकी उरायला लागली आणि गाडं अडलं. त्यातही एक मुलगी फार शंका काढायची. इतक्या, की वर्ग तिला 'शंका' याच नावाने हाक मारायचा आणि हजेरीला तीही त्याच नावाला ओ द्यायची. उरलेले ठेवायचे कुठे, अशी तिची ताजी शंका होती. बाईंना ती शंका मनापासून आवडली होती. 'उद्या सांगते' असं त्यांनी कबूल केलं होतं आणि तो उद्या काही उगवत नव्हता, कारण उद्या सहल होती.

पहिल्या महिन्यात बाईंनी वर्गाला छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात नेलं. तिथे आधीच एक शाळा काड्या मोजत बसली होती. दोन्ही शाळांच्या शिक्षकांत आधी कोण आलं यावरून जुंपली आणि छत्रीवाला दुकान उघडं टाकून घरी गेला. पुढच्या महिन्यात वीजबिलाच्या रांगेत सहल गेली. मुलं रांगेत इतकी छान उभी राहिली की मागच्यांना वाटलं बिल भरणारी तीच आहेत, आणि खिडकी बंद होईपर्यंत कुणी पुढे सरकलं नाही. ती रांगही आधीच एका शाळेने मळवलेली निघाली. त्यानंतर मोठ्या रस्त्यावरचा खड्डा. तो खड्डा बुजवायला पालिकेची माणसं डांबर घेऊन आली होती, पण वर्षअखेरपर्यंत शाळांनी आगाऊ नोंदणी केलेली असल्याने त्यांना परत पाठवण्यात आलं. पाचवी 'ब'चा नंबर लागला तेव्हा खड्डा मळला होता. भेट बाद ठरली. मधले सगळे दिवस वर्गाला घेऊन नवं स्थळ शोधत हिंडण्यात जात.

बाईंच्या नाकी नऊ आले. घरी जेवतानाही त्या फोनवर स्थळंच विचारत असायच्या. एकदा त्या कुणाला तरी म्हणाल्या, "जुनं असलं तरी चालेल हो, फक्त आधी कुणी बघून गेलेलं नको." भाकरी वाढता वाढता त्यांच्या आईचा हात थबकला. कितीतरी वर्षांनी लेकीने हा विषय स्वतःहून काढलेला पाहून आईचे डोळे भरून आले. मुलांची सहल आहे हे कळल्यावर मात्र ताटात पुढची भाकरी जरा जोरात पडली.

वर्ष सरत आलं तसं मुख्याध्यापकांनी बाईंना खोलीत बोलावलं. शाळेत त्यांना मोठे सर म्हणत, आणि ते मोठे अशासाठी होते की वरून आलेलं सगळं ते जसंच्या तसं खाली सोडत. पाचवी 'ब'ची एकही भेट ग्राह्य धरलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. या महिन्यातही तसंच झालं तर नियमाप्रमाणे सबंध वर्ग 'अनुभवशून्य' ठरेल आणि मुलांना पुन्हा पाचवीत बसावं लागेल.

"सर, त्यांना भागाकार येत नाहीये," बाई म्हणाल्या.

"त्यासाठी कुणी कुणाला मागे ठेवत नाही, बाई," मोठे सर समजुतीने म्हणाले. "तुम्ही स्थळाचं बघा."

त्या संध्याकाळी बाईंनी हात टेकले. इतर शाळांचं लिफ्टचं यंत्रघर बघून झालं होतं, हरवलेल्या सामानाची खोली बघून झाली होती, बंद पडलेल्या कारंज्याला तर पन्नास किलोमीटरवरून बस येत होत्या. स्थळाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, तेव्हा त्यांनी चिडून लिहिलं, 'पाचवी ब ची खोली'. उपक्रमाच्या रकान्यात लिहिलं, 'शिकणे'. आता मेमो येणार अशी त्यांची खात्री होती.

आले ते थेट कचेरीतले साहेब. त्यांनी खोलीची बारकाईने पाहणी केली. फळ्याला बोट लावून पाहिलं, बाकावर बसून पाहिलं. इथे अलीकडे कोणती शाळा येऊन गेली का, असं त्यांनी विचारलं. कुणी नाही, बाई म्हणाल्या, आम्हीसुद्धा नाही. साहेबांचा चेहरा उजळला. सगळ्या शाळा सहलीवर नाहीतर स्थळाच्या शोधात असल्याने देशात भरलेला वर्ग कुणीच पाहिलेला नव्हता. आठवड्याच्या आत आदेश आला, 'सदर वर्ग आगळ्यावेगळ्या स्थळांत वर्ग करण्यात येत आहे.'

त्यानंतरचे दिवस बाईंच्या आयुष्यातले सुखाचे. मुलं वर्गात बसत आणि बाई शिकवत. पहिल्या दिवशी पोरं सवयीने पाण्याच्या बाटल्या गळ्यात अडकवून, दोघादोघांच्या जोडीने बाकांभोवती फिरत राहिली, पण मग रुळली. शंकेने दोनदा भागाकार चुकवला, तिसऱ्यांदा ताळा करून स्वतःच चूक पकडली आणि असं काही हसली की बाईंना भरून आलं. उरलेले कुठे ठेवायचे ते उद्या नक्की, असं त्या म्हणाल्या, आणि या वेळी त्या उद्यावर त्यांचा विश्वास होता.

पण दुसऱ्या दिवशी दाराशी बस उभी होती. भरलेला वर्ग बघायला शाळा यायला लागल्या. वास्तविक पहिल्या शाळेनंतर स्थळ मळायला हवं होतं. साहेबांनी त्यावर तोडगा काढला. वर्गात रोज वेगळं शिकवलं जातं, सबब तो रोज नव्याने आगळावेगळा होतो. मागचे बाक काढून दोरी बांधली गेली. 'शिकणाऱ्यांना खाऊ घालू नये' अशी पाटी लागली. पाहुण्यांतून तक्रार आली की सकाळच्या तुकडीला बाई बेरीज दाखवतात आणि दुपारच्या तुकडीला वेगळंच काहीतरी. तेव्हा साहेबांनी सुधारणा केली की सर्वांना सारखाच लाभ मिळावा म्हणून बाईंनी दर तुकडीला पहिल्या ओळीपासूनच सुरुवात करावी. रोज वेगळं आणि दर वेळी तेच, या दोन्ही अटी एकाच कागदावर होत्या आणि खाली सही होती. बाई दिवसभर खडूने संख्या मांडत, रेघ ओढत, आणि तेवढ्यात पुढची बस यायची. रेघेच्या खाली वर्ग कधी उतरलाच नाही.

मग एक दिवस वरिष्ठ मंडळी येणार असं ठरलं, आणि त्यांच्यासाठी एक भागाकार शेवटपर्यंत करायला खास परवानगी मिळाली. बाईंना रात्री झोप लागली नाही. एकच गणित, पण पुरं होणार होतं. त्यांनी शंकेला फळ्याशी बोलावलं. पालक आले होते, पुढारी आले होते, दोरीपलीकडे उभं राहायला जागा नव्हती. शंकेने खडू घेतला, चारशे सदतीसला नऊने भागलं, आणि स्वच्छ अक्षरात उत्तर लिहिलं, भागाकार सत्तेचाळीस, बाकी पाच.

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका पालकाने डोळे पुसले. वरिष्ठ म्हणाले की असं जिवंत शिक्षण त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं, आणि साहेबांनी मान खाली घालून ते श्रेय स्वीकारलं. मोठ्या सरांनी लगेच फळ्यावर काच बसवायची सूचना केली आणि ती जागच्या जागी मंजूर झाली.

बाई डस्टर घेऊन पुढे झाल्या तेव्हा साहेबांनी त्यांचा हात हळूच धरला.

"साहेब, उत्तर चुकलंय," त्या म्हणाल्या.

साहेबांनी फळ्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे. "एवढ्या लोकांनी पाहिलंय, बाई. एकजण तरी काही बोलला का?"

काच बसवून झाली आणि पाहुणे चहाला गेले, तेव्हा बाई शंकेजवळ बसल्या. जरा ताळा करून बघतेस का, असं त्यांनी तिला हलकेच विचारलं. ही पोर आता नक्की शंका काढणार, याच आशेवर त्या होत्या. मुलीने काचेआडच्या आपल्या अक्षराकडे अभिमानाने पाहिलं.

"कशाला, बाई? टाळ्या पडल्या ना," ती म्हणाली.

 बाईंना रडू फुटलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. काच अजून तिथे आहे. येणारे येतात, उत्तराचा फोटो काढतात, उत्तम आहे म्हणतात आणि पुढच्या स्थळाला जातात. बरोबर उत्तर इथे देण्याचं कारण नाही, कारण आपण ते वाचतानाच तपासलं असणार. नसेल तपासलं, तर दोरीपलीकडे उभं राहायला अजून थोडी जागा आहे.