मुकुंदरावांचं दूरशिक्षण

मिरजेच्या मुकुंद रेवणकरांना एका नामांकित विद्यापीठात दूरशिक्षणाने एम.ए.ला प्रवेश मिळाला आणि त्याच दुपारी त्यांचं स्वयंपाकघर हॉलपासून तीन किलोमीटर लांब गेलं.

जाताना आवाज वगैरे काही झाला नाही. मुकुंदराव कप ठेवायला उठले, तर मधला बोळ संपेचना. त्यांनी परत येऊन विद्यापीठाला फोन लावला.

"बरोबर आहे सर," पलीकडची बाई म्हणाली. "दूरशिक्षण आहे ना. इतर ठिकाणी नुसतं नाव असतं. आम्ही अंतरही पुरवतो."

"पण स्वयंपाकघरच का?"

"विद्यार्थ्याचं लक्ष जिथे जास्त जातं, ती खोली लांब नेतात. तुमच्या बाबतीत समितीचं एकमत झालं."

मुकुंदरावांनी पोटावरून हात फिरवला. विद्यापीठाबद्दल त्यांना आदर वाटला. बावन्नाव्या वर्षी आपण शिकतोय ते ज्ञानाच्या ओढीने, असं ते सगळ्यांना सांगत. खरं म्हणजे महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात त्यांच्या हाताखालचे तिघेही एम.ए. होते आणि ते आपल्याला 'सर' म्हणताना किंचित हसतात, असा त्यांना संशय होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात "आमचं तीन किलोमीटरचं आहे" असं सहज बोलून टाकलं. त्या तिघांची स्वयंपाकघरं जागच्या जागी होती.

त्यांच्या पत्नी शैलजाताई नेमक्या पोळ्या करत असल्यामुळे स्वयंपाकघराबरोबर गेल्या होत्या. सुरुवातीला त्या स्कूटीवरून डबा आणून देत. मग एक दिवस फोनवर म्हणाल्या, "मला रोज नाही जमणार. जेवायचं असेल तर या."

"मी अभ्यास करतोय, शैला."

"करा की. इतकी वर्षं आपण लांबच बसतोय. आता निदान कारण तरी आहे."

मुकुंदराव ब्रेडवर राहू लागले. अभ्यासाचं म्हणाल, तर पुस्तक उघडलं की त्यांना डुलकी लागे. डुलकीत मान हलायची, त्यामुळे आपल्याला पटतंय असं त्यांना वाटे.

दरम्यान बोळात वस्ती झाली. पिठाची गिरणी आली, मारुतीचं देऊळ झालं. नळजोडण्यांची फाईल मुकुंदरावांच्याच सहीने पुढे गेली.

दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. 'कुटुंबातील संवाद' हा विषय त्यांनी सोपा म्हणून घेतला. मार्गदर्शक बाईंनी फोनवर विचारलं, "घरच्यांशी बोललात का?"

"तेवढं राहिलंय."

"तेवढंच तर होतं."

रविवारी मुकुंदराव चालत निघाले. गिरणीपाशी त्यांचे गुडघे बोलू लागले, म्हणून ते पायरीवर टेकले. गिरणीवाली म्हणाली, "तुम्ही शैलाताईंचे मिस्टर का? त्या सांगतात, तुम्ही शिकायला बाहेरगावी असता."

मुकुंदरावांना ते खोटं आहे असं काही म्हणता येईना.

शैलजाताईंनी त्यांना पाहुण्यासारखं तांब्या-भांडं दिलं. मुकुंदरावांनी प्रश्नावली काढून वाचली, "आपल्या पतीशी आपला संवाद कसा आहे?"

"हे कोण विचारतंय? विद्यापीठ की तुम्ही?"

मुकुंदरावांनी कागद उलटून पाहिला. प्रश्नावलीत याची सोय नव्हती. "मी," ते म्हणाले.

शैलजाताईंनी गॅस बंद केला आणि त्या समोर बसल्या. लग्नाआधी त्या जिल्ह्याकडून व्हॉलीबॉल खेळायच्या, हे मुकुंदरावांना त्या दिवशी कळलं. देवळामागच्या मोकळ्या जागेत आता त्या मुलींना शिकवत होत्या, हेही. ते ऐकतच राहिले. लिहून घ्यायचं राहून गेलं, त्यामुळे प्रबंधाला जेमतेम पास होण्यापुरते गुण मिळाले.

निकालानंतर विद्यापीठाचा फोन आला. "अभिनंदन सर. आमची माणसं अंतर परत न्यायला येतील."

मुकुंदराव घाईघाईने म्हणाले, "राहू द्या. मध्ये वस्ती आहे. मैदान आहे."

"मैदान वापरात आहे?"

"रोज संध्याकाळी."

"मग नियमाने आम्हाला ते हलवता येत नाही. तुमच्याकडेच राहील."

आता मुकुंदराव ऑफिसातून आले की हात-पाय धुऊन जेवायला निघतात. वाटेत मैदानाच्या कडेला उभे राहून बाहेर गेलेले चेंडू आणून देतात. खेळ आटोपला की शैलजाताईंच्या स्कूटीवर मागे बसतात आणि दोघं पुढे जातात. स्कूटी बंद असली तर रिक्षा करतात; मात्र स्वयंपाकघरापर्यंत मीटरने यायला कोणी तयार होत नाही.